मागच्या दाराची कडी

मागच्या दाराची कडी भैय्यालालनं आदल्या संध्याकाळीच काढून ठेवली होती. नुसती काढली नव्हती, दार कुरकुरू नये म्हणून बिजागऱ्यांत तेलही सोडलं होतं. सकाळी सहाला नंदाबाईच्या नजरेस ते तेलाचे ओघळ पडले आणि हसावं की रडावं तिला कळेना. चोवीस वर्षं ते दार कुरकुरत होतं. पावसाळ्यात फुगून बसायचं, दोघांनी खांदा लावल्याशिवाय उघडायचं नाही. तेव्हा घरातल्या एकाही माणसाला तेल सुचलं नाही. आता धाकट्या भावाची विधवा घराबाहेर पडायची होती, तर लगेच बाटली सापडली!

तिनं दार ओढून घेतलं आणि कडी अशी घातली की शेजारच्या घरची कोंबडी दचकून ओरडली. मग ती चुलीपाशी बसली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं.

भैय्यालाल तोंडात कडुनिंबाची काडी धरून आला नि तिला पाहून जागच्या जागी थांबला.

"तू गेली नाई?"

"चहा घेता का, दादा?"

"अवो, रातच्या तीनले निंगाचं ठरलं होतं ना! गाडी आली नाई का?"

"गाडी सातले येते. मीच सात सांगतलं."

"काऊन पन?"

"तीन वाजता मले झोप लागून रायते," नंदाबाई म्हणाली आणि चहात साखर टाकली.

गोष्ट तशी साधी होती. नंदाबाईचा नवरा श्यामलाल जाऊन नऊ वर्षं झाली होती. आठ दिवसांपूर्वी गोंदियात जाऊन तिनं दुर्गाप्रसाद नावाच्या पंप मेकॅनिकशी रजिस्टर लग्न केलं होतं आणि आज त्याच्या अहेरीकडच्या घरी निघायचं होतं. साक्षीदार म्हणून सही कोणाची, तर खुद्द या भैय्यालालची! लग्नाला त्याची ना नव्हती. माणूस वाईट नव्हताच तो. पण लग्न कर, मात्र दिसू नकोस, एवढंच त्याचं म्हणणं. पाट लावून जाणाऱ्या बाईनं अंधारात निघावं, मागच्या दारानं निघावं, वेशीपर्यंत दिवा लावू नये. आणि सवाशिणींनी वर्षभर तिचं तोंड पाहू नये, पाहिलं तर पाहणारीच्या कुंकवाला धोका. हे कोणी ठरवलं? ठरवणारे कधीच मरून गेले. त्यांच्या बायकांनी पुढं काय काय पाहिलं, ते मात्र कोणी सांगत नाही.

"हे पाय नंदा," भैय्यालाल उकिडवा बसला, "माह्या मंजूले पाहाले पाहुने येऊन रायले. पुढच्या बुधवारी. लोक बोलतीन ना."

"बोलू द्या. मंजूचा बिलाऊज मी शिवून ठेवला आहे, पेटीवर आहे. तेवढा घालाले सांगजा."

"तू ऐकूनच नाई रायली."

"दादा, लगन होऊन या घरी आली तं वाजतगाजत आली. समोरून आली. श्यामलाल गेले तं त्याईले समोरूनच नेलं. मीच काऊन मागून जाऊ? मी का चोरी केली? चोवीस वर्सं तुमच्या घरचा भात शिजवला, थो का मागच्या दारानं वाढला होता?"

 भैय्यालालनं कडुनिंबाची काडी थुंकली आणि चहाचा कप घेतला.

आतून म्हातारीचा आवाज आला. रुख्मा, म्हणजे नंदाबाईची सासू, अठ्ठ्याहत्तरची, गुडघ्यांनी गेलेली. "भैया, मले ओसरीत नेऊन बसव."

"तू कायले येतं माय? पडून राय."

"मी कोनती सवाशीन आहो रे? तुह्या बापाले जाऊन बावीस वर्सं झाली. मले कोनाच्या कुंकवाचा धोका? बसव म्हनलं तं बसव!"

त्यानं बसवलं. म्हातारीनं पाय पसरले, पदर नीट केला आणि जत्रा पाहायला बसावं तशी रस्त्याकडे तोंड करून बसली.

सातच्या ठोक्याला दुर्गाप्रसादची पिकअप आली. मागच्या हौद्यात पंप ओढायची लोखंडी तिपाई, साखळी, पाइपांचे तुकडे, एक काळी बादली. दुर्गाप्रसाद खाली उतरला. बावन्न वर्षांचा, सडसडीत, नखांत कायमचं ग्रीस बसलेलं. त्यानं धुतलेला पांढरा शर्ट घातला होता आणि तो नक्की कुठं उभं राहावं या विचारात होता. शेवटी दोघा भावांनी उचलावी तशी भैय्यालाल आणि त्यानं मिळून शिलाई मशीन उचलून गाडीत ठेवली. एक पेटी, दोन गाठोडी, एक गादी. चोवीस वर्षांचा संसार अर्ध्या हौद्यात मावला.

नंदाबाई म्हाताऱ्या सासूच्या पाया पडली. म्हातारीनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरून चांगलं न्याहाळलं.

"आता माह्या पायाले तेल कोन लावन?" ती म्हणाली.

 सकाळपासून नंदाबाईनं जो ताठा धरला होता तो या एका वाक्यानं मोडायला आला.

"मंजूले सांगतलं आहे मी."

"तिचे हात थंडे रायतात," म्हातारी कुरकुरली. मग तिनं तिला ढकललंच. "जा. बसून नको राऊ इथं. जाचं तं ऐटीत जा."

ती ऐटीतच गेली. पुढच्या सीटवर बसली, खिडकीची काच पूर्ण खाली केली आणि दुर्गाप्रसाद गाडी चालू करतोय तोवर तिनंच हात लांबवून हॉर्न दाबला. चांगला दोनदा.

"अरे! ये क्या?" दुर्गाप्रसाद दचकला.

"लोकाईले समजलं पायजे ना, गाडी येऊन रायली म्हनून."

हिरडीटोल्याची गल्ली केवढी? पस्तीस घरं. पण त्या पस्तीस घरांची दारं गाडी पुढं सरकेल तशी एकामागून एक बंद होत गेली. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, इथं तर अख्खं गाव फिरलं होतं. आणि गंमत ही, की या गल्लीतल्या प्रत्येक बाईचं माप नंदाबाईला तोंडपाठ होतं. कोणाची छाती छत्तीस, कोणाचा एक खांदा उतरता, कोणाला बाळंतपणानंतर दोन टाके सोडावे लागले. नवरे विसरले असतील, पण नंदाबाई विसरली नव्हती. त्याच बाया आता फटीला डोळा लावून दाराआड उभ्या होत्या.

शेवटून तिसरं घर सुलोचनाबाईचं. त्याचंही दार बंद. पण गाडी पुढं गेली तशी आतून हाक आली.

"नंदे! ओ नंदे! माह्या बिलाऊजचं काय झालं?"

"थांबवा," नंदाबाई म्हणाली. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडली, "शिवून तयार आहे! या, घेऊन जा!"

"दारात ठेवून दे ना!"

"चिखलात ठेवू? नवा कपडा आहे. बाहेर या."

दार करकरलं. आधी एक पाय बाहेर आला, मग अख्खी सुलोचनाबाई. डोक्यावरचा पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला, एक हात आंधळ्यासारखा पुढं केलेला. खोल खड्डा चुकवत ती गाडीपाशी आली आणि दुर्गाप्रसादच्याच बाजूला जाऊन हात हलवू लागली.

"इकडे, इकडे," नंदाबाई म्हणाली. "सुलोचनाबाई, तोंड पाहून घ्यान तं देतो. नाई तं अहेरीले येऊन घेऊन जा."

"अवो, काऊन छळून रायली मले? माह्या नवऱ्याले आधीच बीपी आहे!"

"त्याईचा बीपी माह्या तोंडानं नाई वाढला. थो वाढला तुमच्या बोलन्यानं."

दाराआडून कोणीतरी खुदकन हसलं. मग दुसरीकडून. सुलोचनाबाई तशीच उभी राहिली, आणि मग रागानं म्हणा, ब्लाउजच्या मोहानं म्हणा, तिनं पदर वर केला. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. चोवीस वर्षांची ओळख. दोघींच्या लेकी एका वर्गात शिकलेल्या.

"बाह्या लांब नाई केल्या ना?" सुलोचनाबाई शेवटी म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"तुमी सांगतल्या तेवढ्याच केल्या."

गाडी वेशीबाहेर पडली तेव्हा नंदाबाईच्या मांडीवर एकच पिशवी उरली होती. तिच्यात टोळीच्या तेलाची बाटली होती. मोहाच्या बियांचं हे तेल तिनं स्वतः उभं राहून काढून आणलं होतं. ती बाटली मात्र दुसऱ्या कोणासाठी होती.

तिची लेक खुशी. एकवीस वर्षांची. वैशाखात तिचं लग्न लावून दिलं, अर्जुनी मोरगावच्या अलीकडे आंबेबोडीला. लेकीचं मार्गी लागल्यावरच नंदाबाईनं आपला विचार केला होता. खुशीलाच आधी विचारलं होतं. "कर माय," ती म्हणाली होती, "किती दिवस मशीनशीच बोलशीन?" पण खुशीच्या सासूनं, शामकलानं, फोन करून बजावलं: पोरीचं लग्नाचं पहिलं वर्ष आहे, वर्षभर मायलेकींनी तोंड पाहू नये. घरी तर येऊच नका. परवा खुशीचा चोरून फोन आला. "घरी येऊ नको माय. पन रस्ता आमच्या गावावरूनच धर. आन गाडी हळू चालवाले सांगजो." एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

आता एवढ्या लांब निघालेल्या नंदाबाईच्या जिवाला लागून राहिलं होतं ते एवढंच. लेक दिसेल का? दारात, खिडकीत, कुठंतरी.

गोरेगावात बाजाराचा दिवस होता. पालं पडत होती, मोटारसायकली आडव्यातिडव्या लागल्या होत्या, एसटी मधेच अडकून भोंगा वाजवत होती. त्यातून सुटल्यावर रस्ता मोकळा झाला. दोन्हीकडे धानाच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या, काहींत रोवणा, म्हणजे भातलावणी, होऊन हिरव्या झालेल्या, काहींत नुसतंच आभाळ पडलेलं. बगळे चिखलणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागं मागं चालत होते.

"मशीन हिलती तो नहीं ना?" दुर्गाप्रसादनं आरशात पाहत विचारलं.

याच मशीनवरून तर सगळं सुरू झालं होतं. तीन वर्षांपूर्वी गल्लीतली हापसी दुरुस्त करायला तो आला होता. हापसीचा दांडा खोलता खोलता त्यानं कान टवकारला, तेलाचा डबा घेतला आणि थेट ओसरीत येऊन उभा राहिला. "बाई, मशीन आवाज करून राहिली. तेल देऊ का?" नवरा गेल्यापासून तिच्या घरातली एखादी वस्तू कुरकुरते हे कुणा परक्याला ऐकू आलं, असं पहिल्यांदाच घडलं होतं. नंतर हापसी जरा वारंवार बिघडू लागली. हल्ली त्याला अहेरीकडे सोलर पंपांचं काम मिळालं, तेव्हा निरोप घ्यायला आला नि चहाचा कप हातात धरून म्हणाला, "मेरा घर नदी के पास है. एक खोली, एक हापसी. आप आओगी क्या?" एवढंच. याहून जास्त त्याला बोलता आलं नसतं.

कोहमाऱ्याच्या चौकात हायवे लागला तशी त्यानं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं नाही, पण पुढंही नेईना.

"काय झालं?"

"शामकलाबाईचा मलाही फोन आला होता," तो स्टिअरिंगकडे पाहत म्हणाला. "म्हणत होत्या, आंबेबोडीवरून नका जाऊ. साकोलीवरून जा. वडसा उधर से भी जाता है. रस्ता पण चांगला आहे."

"तुमाले काय वाटते?"

"मला... पोरीला तिथं राहायचं आहे. उगाच तिला बोलणी बसतील."

बोलणं खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. नंदाबाईनं पिशवी छातीशी धरली. उजवीकडे साकोली, ट्रक सुसाट चाललेले. समोर अर्जुनीचा अरुंद रस्ता, जंगलात शिरणारा.

"गाडी तुमची आहे जी," ती म्हणाली. "पन रस्ता माझा आहे. आज तरी."

दुर्गाप्रसादनं तिच्याकडे पाहिलं. मग हसला, गिअर टाकला आणि गाडी सरळ पुढं घेतली. तो हसल्यावर पुढचा एक दात तुटका आहे हे तिला आठ दिवसांत पहिल्यांदाच नीट दिसलं.

जंगल लागलं. ऐन, साग, मोह, पावसानं धुऊन निघालेले. रस्त्यावर माकडांची अख्खी सभा भरली होती आणि ती काही केल्या उठेना. नवेगाव बांधचं तळं दिसलं तेव्हा नंदाबाई सीटवरून जवळजवळ उभीच राहिली. केवढं पाणी! पलीकडच्या डोंगरांना ढग टेकलेले, पाण्यावर त्यांची सावली.

"थांबवा."

"अंधार होऊन जाईल. अडीचशे किलोमीटर अजून..."

"उजेडात निंगालो, उजेडातच पोचाचं. पन हे पाहूनच जाईन. नागपूरचे लोक पाहाले येतात इथं, आन मी चाळीस किलोमीटरवर राऊन कधी पाहिलं नाई. शेचाळीस वर्साची झालो!"

दोघं काठावर बसून पोळी आणि वांग्याची भाजी जेवली.  वारा एवढा होता की तिचा पदर सारखा उडत होता आणि आज तिनं तो धरला नाही. आपल्याला कोणीतरी बघेल असं वाटलंच, तर बघू दे की!

साडेअकराला आंबेबोडी आलं.

"हळू चालवा," नंदाबाई म्हणाली. गाडी बैलगाडीच्या चालीनं जाऊ लागली. रस्त्यालगतचं चौथं घर, निळं दार, समोर सिमेंटची टाकी. लग्नात तिनं ते बघितलं होतं. दार बंद होतं, बाहेरून कुलूप. खिडकीत कोणी नाही. टाकीपाशी एक शेळी बांधलेली. नंदाबाई मान वळवून पाहत राहिली, घर मागं पडलं तरी पाहत राहिली. शाळा गेली, पंचायत गेली, शेवटचं घर गेलं.

"परत घेऊ का?" दुर्गाप्रसादनं हळूच विचारलं.

"नको." तिचा आवाज कोरडा होता. "सासूनं तिले कुठंतरी पाठवून देल्लं असन. चाला आता. जोरात चाला."

सकाळपासून साऱ्या गावाशी भांडून मिळवलेला तो दिवस तिच्या हातात असा मिठासारखा विरघळला. तिनं काच वर करून घेतली.

गाव संपल्यावर अर्ध्या किलोमीटरवर बोडी होती, छोटंसं तळंच ते, आणि बोडीखालच्या बांध्यांत रोवणा चालला होता. पंधरा-वीस बायांची रांग वाकून मागं मागं सरकत होती. गाडीचा आवाज आला तशी रांग तुटली. चिखलानं माखलेल्या सात-आठ बाया धावत रस्त्यावर आल्या आणि त्यांनी धानाच्या रोपांची एक पेंडी गाडीच्या चाकापुढं टाकली.

त्या भागात रोवण्याच्या दिवसांत हे चालतंच. रस्त्यानं जाणाऱ्याला अडवायचं आणि बोजारा मागायचा. पेंडी चाकापुढं पडली की गाडी पुढं जात नाही. साहेब असो की सरपंच, खाली उतरायचं, हाताला येईल ते द्यायचं. मग बाया त्याच्या पायांवर रोपं ठेवतात आणि वाट सोडतात. बोजारा नाकारला तर धानाला लोंबी भरत नाही म्हणतात. कोणाची माय की कोण परकी, असं बोजारा मागताना कोणी विचारत नाही.

"ओ बाई! उतरा खाली!" पुढची पोरगी ओरडली. तोंडभर चिखल फासलेला, डोक्याला टॉवेल. "बोजारा देल्ल्याबिगर गाडी नाई सोडत!"

नंदाबाई पाकीट चाचपत उतरली. तिचं लक्ष नव्हतं. दहाची नोट काढून तिनं वर पाहिलं आणि तिची नजर पोरीच्या खांद्यावर गेली. हिरवा ब्लाउज, डाव्या काखेत तिरपं ठिगळ. कापड कमी पडलं म्हणून ते ठिगळ तिनं स्वतः लावलं होतं, मागच्या दिवाळीत, उसवू नये म्हणून दुहेरी टीप मारून.

"खुशे," तिच्या तोंडून निघालं.

"बाई, बोजारा द्या ना!" खुशी आणखी मोठ्यानं ओरडली आणि चिखलातून तिचे दात चमकले.

आणि तेव्हा जे झालं ते नंदाबाईला स्वतःलाही कधी कळलं नाही. साऱ्या गल्लीला तोंड दाखवत आलेली, सुलोचनाबाईला पदर वर करायला लावणारी बाई. तिनं लेकीच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं, घामानं ओघळलेलं, चिखलात लाल रेघ काढलेलं. आणि झटक्यात आपला पदर हनुवटीपर्यंत खाली ओढला. खरंच काही झालं तर? सगळं खोटं असेल, हजार वेळा खोटं असेल, पण एकदा, याच पोरीच्या बाबतीत, खरं निघालं तर? 

"घे बोजारा," ती पदराआडून म्हणाली. "घे आन जाय. नको पाहू माह्याकडे."

"हे काय व माय?"

"नको पाहू म्हनलं ना!"

"सुलोचनाकाकूले दाखवलं, आन मले नाई?"

नंदाबाईनं पदर आणखी घट्ट धरला.

"अख्ख्या अर्जुनी तालुक्यापावतर फोन झाले तुह्या हॉर्नचे," खुशी म्हणाली.  "पहाटपासून या बांधीत हाओ मी. घराबाहेर निंगू नको म्हनली सासू, तं म्हनलं, पहिल्या वर्साची सून रोवन्याले जाईन ना? तिले नाई म्हनता आलं नाई. दहा गाड्या अडवल्या, माय. दर गाडीले वाटे तूच आली. आन तू तोंड लपवतं?"

तिनं चिखलाचा हात पुढं केला आणि मायच्या तोंडावरचा पदर वर सारला. पाची बोटं पदरावर उठली. मायलेकी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या आणि मग दोघी अशा रडल्या की दुर्गाप्रसाद उगाचच बोनेट उघडून आत डोकावू लागला.

बाकीच्या बाया तिथंच होत्या. सगळ्या सवाशिणी. एकीनंही पदर ओढला नाही.

"कोन आहे वो तिकडे?" बांधावरून आवाज आला. काळी छत्री घेऊन शामकला उभी होती. तिनं गाडी पाहिली, शिलाई मशीन पाहिली, सगळं पाहिलं. 

"गाडीवाली आहे, काकू," एक जण म्हणाली. "बोजारा देऊन रायली."

 शामकलानं रस्त्याकडे पाठ केली आणि छत्री खांद्यावर अशी आडवी धरली की तिला मागचं काहीच दिसू नये. "आटपा लवकर," बोडीकडे तोंड करून ती म्हणाली, "आभाळ भरून आलं." पण त्यानंतर कितीतरी वेळ ती वळली नाही. एकदाही नाही.

"पाय दाखव," नंदाबाई म्हणाली.

"काय झालं पायाले?"

"दाखव तं!" बोटांच्या बेचक्या चिखलानं पांढऱ्या पडून चिरल्या होत्या. "कुजले ना. टोळीचं तेल आनलं आहे. रोज रातच्याले लावजो. जेवतं ना बरोबर? जावई बरा आहे?"

"बरा आहे. चूप रायते." खुशीनं बोनेटकडे पाहिलं. "तसाच तुलेही भेटला म्हना."

दोघी रडता रडता हसल्या. मग खुशी वाकली, रीतीप्रमाणे तिनं रोपांची पेंडी मायच्या पायांवर ठेवली, आणि पायांवर डोकं टेकून जरा जास्तच वेळ राहिली. उठली तेव्हा तिनं ती पेंडी मायच्या हातात दिली. असं कोणी देत नाही. पेंडी बांधीत परत जाते.

"घेऊन जाय," ती म्हणाली.

बायांनी वाट सोडली. गाडी वळणावर गेली तेव्हा नंदाबाईनं बाहेर डोकं काढून मागं पाहिलं. मागं पाहू नये असा नियम होता. रांग पुन्हा वाकली होती, आणि त्या वाकलेल्या पाठींत हिरवी पाठ कोणती, ते तिला शेवटपर्यंत ओळखू आलं.

दुर्गाप्रसादनं न विचारता काळ्या बादलीतली अवजारं सीटखाली टाकली आणि बादलीत पेंडी उभी केली. वडशाजवळ उजवीकडे वैनगंगा लालभडक वाहत होती. आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी. जिथं हापसी दिसेल तिथं तो थांबायचा, बादलीतलं पाणी बदलायचा, पुन्हा चालवायचा. आष्टीच्या पुढं जंगल एवढं दाट झालं की नंदाबाई सीटच्या टोकाला सरकून पाहत बसली. अशी झाडं, असा रस्ता, आणि त्याच्या शेवटी आपलं घर, हे सगळं तिच्या एकटीच्या डोक्यात मावत नव्हतं. तिनं पदरावरचा वाळलेला चिखल झटकला नाही.

अहेरीच्या पुढं ते पोचले तेव्हा सव्वासहा झाले होते. उजेड होता. चांगला, स्वच्छ उजेड.

एका खोलीचं घर. विटांचं, वर कौलं. अंगणात हापसी, पलीकडे उतार, आणि उताराखाली प्राणहिता एवढी रुंद की पलीकडच्या तेलंगणातली झाडं खेळण्यातली वाटावीत. शेजारच्या दोन बाया कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि बिनधास्त तिचं तोंड पाहू लागल्या. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

नंदाबाईनं घराला बाहेरूनच एक फेरी मारली. मग दुर्गाप्रसादला विचारलं, "मागचं दार कुठं आहे?"

तो खजील झाला. कान खाजवला. "मागे दार नाही. एकच आहे. काढायचं राहून गेलं. पाहिजे असेल तर दिवाळीनंतर..."

"नको," नंदाबाई म्हणाली. "राहू द्या. काढूच नका."

ती घरात गेली नाही. हापसीचं सांडपाणी वाहून जिथं चिखल झाला होता तिथं तिनं बादली नेली, पदर कमरेला खोचला आणि वाकून पेंडी सोडली. कुंपणापाशी उभ्या असलेल्यांपैकी एक म्हणाली, "या काठाले धान नाई होत बाई. मिरची होते, कापूस होते."

"पाहू," नंदाबाई म्हणाली.

चार चार काड्या चिमटीत धरून ती मागं मागं सरकत रोवत गेली. जागा गोधडीएवढीही नव्हती. दुर्गाप्रसाद हापसीवर उभा राहिला आणि हळूहळू दांडा मारू लागला, म्हणजे पाणी कमी पडायला नको.